अकरा मिलिमीटर

आज्ञा साधी आहे : रेघ.
इथे एक टिचकी, तिथे एक टिचकी,
मधलं सगळं अंतर निमूट सरळ होतं.
एफ-आठ दाबलं की ती नाकासमोर चालते,
आडवी किंवा उभी.
तिसरी दिशा तिला ठाऊक नाही.

कमानीला मात्र तीन ठिकाणं लागतात.
सुरुवात, शेवट,
आणि वाटेतलं एक,
जिथे तिला कुणीतरी आपल्याकडे ओढलं.

ट्वोरॉयरीच्या धक्क्यामागे, मिठाच्या जुन्या गोदामात
लाकडी घोड्यांवर चढवलेली होडी.
म्युझियमला तिचे नकाशे हवेत, ती कुजायच्या आत.
बायनिर म्हणतात, नकाशा नव्हताच कधी.
बापाकडे एक काठी होती, तिला नऊ खाचा,
आणि एक डोळा, जो तो फळी बघताना मिटायचा.

मी लेसर लावते, ठिपके घेते.
बाहेर मेंढ्या. आत मी आणि एक हीटर
जो फक्त माझ्या डाव्या घोट्यावर माया करतो.
पडद्यावर ठिपक्यांचा धुरळा बसतो
आणि मी त्यातून कमानी ओढत जाते.
पहिली फळी बसली. दुसरी बसली.
कमान कमानीला भेटते तिथे
सांधा दिसता कामा नये,
स्पर्शरेषा दोघींची एकच हवी :
दोन माणसांनी एक ओंडका खांद्यावर घ्यावा
आणि न बोलता पावलं जुळावीत, तशी.

उजवी बाजू संपली तेव्हा साडेतीन वाजले होते,
म्हणजे डिसेंबरात इथे रात्रच.
उरलेलं अर्धं काम फुकटात होणार होतं.
मधोमध एक अक्ष, आणि आज्ञा : मिरर.
डावी बाजू उगवली,
होडी पुरी झाली, देखणी,
फोटोसाठी तोंड धुऊन आल्यासारखी.

मग मी ठिपक्यांचा लेअर पुन्हा चालू केला.
डावीकडचे ठिपके रेघेच्या बाहेर उभे होते,
चौथ्या फळीपासून सातवीपर्यंत.
अकरा मिलिमीटर.
लाकूड फुगलं असेल, म्हटलं.
लेसर हलला असेल, म्हटलं.
पट्टी घेऊन होडीखाली शिरले, पाठ टेकून मोजलं.
अकरा.

"वडिलांचा हात डावीकडे चुकला तुमच्या,"
मी होडीखालूनच म्हणाले.
मला त्यांचे फक्त बूट दिसत होते.
बूट हलले नाहीत.

"तिथे सामल बसायचा. माझा थोरला.
सोळाव्या वर्षी विंचमध्ये दोन बोटं गेली त्याची.
मग ओढ कमी पडायची. होडी आपली सारखी डावीकडे,
घरी यायचं तर कड्याकडे.
बाप काही बोलला नाही.
हिवाळ्यात त्या बाजूच्या फळ्या उतरवल्या,
नव्या वाफेवर धरल्या,
थोडं पोट दिलं तिथे.
वसंतात होडी सरळ गेली.
सामलला वाटलं, हात बरा झाला."

"नंतर कळलं त्यांना?"

थर्मासचं झाकण फिरल्याचा आवाज आला.
"सांगणार कोण? मला दिसलं होतं, पण मी नऊ वर्षांचा."

मी बाहेर आले, कपडे झटकले, 'अनडू' दाबलं.
डावी बाजू विरघळली, अर्धी होडी उरली.
रात्री उशिरापर्यंत बसून
त्या चार फळ्या एकेक ठिपका धरून काढल्या.
सुरुवात, शेवट,
आणि वाटेतलं ते एक ठिकाण.

नकाशाच्या कोपऱ्यात टीपेची चौकट असते.
फरकाचं कारण तिथे लिहायचं, असा नियम.
सामलची नात म्युझियमच्या खिडकीत तिकिटं देते.
कागद आधी तिच्याच हातात पडणार.

मी लिहिलं : डावी बाजू मूळ मापाप्रमाणे.
आणि खाली माझं नाव, तारीख, मोजपट्टी
एकास दहा.